स्टीअरिंगच्या दांड्यातले हात

मेलेल्या माणसाच्या हाताने चालणाऱ्या गाडीत बसायला लोक रविवारी सकाळपासून रांग लावतील, असं पूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. आता त्याच रांगेच्या जिवावर आमच्या संग्रहालयाचं छप्पर गळायचं थांबलं आहे, तेव्हा मी फार बोलत नाही.

संग्रहालय हिरडगावच्या माळावर आहे. एका शेडमध्ये जुन्या मोटारी, दुसऱ्यात जुनी विमानं, आणि दोन्हींना वळसा घालणारा डांबरी फेरा. रस्त्यावर माणसाने गाडी चालवायला बंदी आल्यापासून स्टीअरिंगला कायदेशीर हात लावता येईल अशी जिल्ह्यात ही एकच जागा उरली. मी इथला व्यवस्थापक. वस्तूंची माहिती तज्ज्ञांना असते, मला वस्तू देणाऱ्यांची असते. एकाला पाटीवर वडिलांचं नाव ठळक हवं असतं, दुसऱ्याला सख्ख्या भावाचं नाव कुठेच नको असतं. फुकट गाडी देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हे हाताचं प्रकरण आणलं डॉ. शहनाज शिकलगार यांनी. धातूचा शीण मोजणं हा त्यांचा विषय. विमानाचा पंख अजून किती उड्डाणं सोसेल हे सांगणारं यंत्र त्या बनवत होत्या, आणि प्रयोगाला जुनी विमानं हवीत म्हणून आमच्याकडे आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला टेबलावरचा कागद चुरगळायला लावला आणि पुन्हा सपाट करायला सांगितलं.

"चुण्या राहिल्या ना? पोलादात तेच होतं," त्या म्हणाल्या. "पोलाद म्हणजे अणूंच्या रांगा. दांड्यावर पीळ पडला की रांगेतले काही अणू जागचे सरकतात. पीळ गेला तरी सगळेच परत येत नाहीत. पुढच्या वेळी सरकणारी रांग या जुन्या चुणीशी येऊन अडते. म्हणून आधीची कुठली, नंतरची कुठली, तेही कळतं."

"आणि एवढं बारीक दिसतं?"

"डोळ्याला नाही. आम्ही आत ध्वनिलहरी सोडतो, परत येणारा आवाज संगणक उलगडतो. गाडीच्या स्टीअरिंगचा दांडा तर सोन्याची खाण आहे. माणूस चाक कसं वळवतो, किती ओढतो, कुठे कचरतो, सगळं त्यात पिळलेलं असतं. अक्षर ओळखावं तसा हात ओळखता येतो."

हात वाचता आला, मग मोटर बसवून तो चाकावर उतरवताही आला. गाडी मूळ मालकासारखी वळू लागली. लोक आजोबांच्या शेजारी बसून फेरा मारून येऊ लागले. काही रडत उतरत, काही तोंड पाडून. तोंड पाडून उतरणाऱ्यांकडे माझं जास्त लक्ष असे.

पहिला दणका विमानाने दिला. आमच्या पिवळ्या दोन आसनी विमानातून हिरडगावच्या जुन्या संस्थानिकांनी, म्हणजे श्रीमंतांनी, पुराच्या वेळी स्वतः उडून औषधं पोचवली, अशी पाटी होती. वाचनात निघालं की सगळी उड्डाणं पुढच्या आसनावरच्या पगारी वैमानिकाची. मागच्या आसनापुढच्या दांडीला हात एकदाच लागलेला, तोही दोन्ही मुठींनी घट्ट आवळलेला. शिकलगारबाई म्हणाल्या, हा चालवणाऱ्याचा हात नाही, घाबरलेल्याचा आहे. श्रीमंतांच्या नातवाने पाटीशेजारची आजोबांची तसबीर परत नेली. तेव्हापासून गावात जो तो आपल्या घरच्या जुन्या गाडीकडे संशयाने पाहू लागला. शहरात 'विसरवणी'ची दुकानं निघाली. दांडा भट्टीत लाल होईपर्यंत तापवला की रांगा पुन्हा सरळ होतात आणि पोलाद सगळं विसरतं. गिऱ्हाईक बहुतेक पुरुष, असं ऐकतो.

इंदुमतीबाई मुळीक यांनी नवऱ्याची गाडी आणून दिली ती याच सुमाराला. दिनकरराव मुळीक पाटबंधारे खात्यातले, सरळ गृहस्थ म्हणून नाव. त्यांना जाऊन दोनेक वर्षं झाली होती. बाई ताठ, बोलायला स्पष्ट, नेसणं कडक इस्त्रीचं. सोबत धाकटी जाऊ शालनबाई. दोघी विधवा, दोघींची मुलं लांब, म्हणून एकाच घरात राहायच्या. शालनबाई डोक्यावर पदर घेऊन दोन पावलं मागे चालायच्या, आणि थोरलीचं औषध, चष्मा, पाण्याची बाटली असं सगळं त्यांच्याच पिशवीत असायचं.

"गाडी भंगारात घाल म्हणत होती ही," इंदुमतीबाई जावेकडे बोट दाखवत म्हणाल्या. "मी म्हटलं, यांचा हात आहे त्यात. मला पुन्हा एकदा बसायचंय."

थोरली सही करत असताना शालनबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "साहेब, ते लोखंड तापवलं की इसरतं म्हणतात. खरं हाय व्हय?"

"खरं आहे. का हो?"

"काय न्हाई. ऐकलं हुतं."

अशी सहज ऐकलेली गोष्ट विचारायला माणूस आवाज खाली आणत नाही. ते मी मनात टिपून ठेवलं.

हात उतरवून झाल्यावर पहिल्या फेरीला इंदुमतीबाईंना पुढे डावीकडे बसवलं. थांबवायचं बटण घेऊन मी मागे. चाक आपोआप वळू लागलं तेव्हा बाईंनी पदर सावरला, नवरा शेजारी येऊन बसावा तसा. पहिल्या सरळ पट्ट्यावर चेहरा मऊ झाला होता. विमानांच्या शेडजवळचं वळण आलं, गाडी अलगद, जरा ऐटीतच वळली, आणि तो चेहरा मिटला.

"हे यांचं नव्हे."

"बाई, दांडा त्यांच्याच गाडीचा आहे."

"असेल. हे वळणावर अशी लोटत नव्हते गाडी. बैलगाडीसारखी न्यायचे. मी मागे बसून जन्म काढलाय, मला विचारा."

"मागे का?"

"मामंजी पुढे बसायचे. सुनेने काय सासऱ्याला मागे टाकायचं?"

"आणि ते गेल्यावर?"

"सवय. पुढे बाजाराच्या पिशव्या असायच्या."

कुंपणाशी शालनबाई उभ्या होत्या. इंदुमतीबाईंनी खिडकीतून हाक मारली, "शालन, ये, एक चक्कर मार."

"मला मळमळतं अक्का," शालनबाई म्हणाल्या, आणि विमानांकडे बघत राहिल्या.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. ज्याची गाडी त्याच्या घरच्याने तिच्यापुढे नारळ फोडायचा, असा मान ठरलेला आहे. त्या वर्षी नव्या गाडीचा मान इंदुमतीबाईंचा. आमचे विश्वस्त बापूसाहेब शिंत्रे यांना माइक दिसला की राहवत नाही. सकाळी त्यांनी माझ्याकडून गाडीचं वाचन मागवून घेतलं होतं. त्यात शिकलगारबाईंनी कोरडेपणाने नोंदवलं होतं की दांड्यात दोन हात आहेत. एक मालकाचा. दुसरा आधी शिकाऊ, पुढे सफाईदार. आणि त्या दुसऱ्या हाताच्या वेळी डावीकडच्या आसनावरून कोणीतरी हात पुढे करून चाक सावरत असे. चालवणारा चाक दोन्ही बाजूंनी धरतो, तेव्हा दांड्याला नुसता पीळ बसतो. शेजारचा ओढतो तेव्हा पिळासोबत दांडा किंचित त्याच्या बाजूला झुकतो. हा झुकाव मालकाच्या हाताशी जुळत होता, म्हणून चाकावर उतरवलेल्या हातात तोही आला होता.

वाचनात नावं नव्हती. नाव बापूसाहेबांनी घातलं.

"मंडळी, दिनकररावांचं आपल्या पत्नीवर किती प्रेम," ते माइकवर म्हणाले. "त्या काळात त्यांनी इंदुमतीताईंना याच गाडीत, शेजारी बसून, हाताला हात लावून ड्रायव्हिंग शिकवलं. आणि ताई त्यात किती तरबेज झाल्या, हे विज्ञान सांगतंय."

टाळ्या पडल्या. इंदुमतीबाईंच्या हातात नारळ तसाच होता.

"कोणाला शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला, ताई."

"मी सायकलसुद्धा शिकले नाही."

हसावं की नाही हे लोकांना कळेना. बाईंनी नारळ एका घावात फोडला, पाणी चाकावर शिंपडलं, आणि खोबरं न वाटताच मागे वळून बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. एकेका चेहऱ्यावर नजर थांबत होती. किराणा घेतल्यावर दुकानदाराने केलेली बेरीज पुन्हा तपासावी, तशी. शालनबाई पूजेची ताटं उचलण्यात गुंतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या कचेरीत एकट्या आल्या. शिकलगारबाई तिथेच होत्या.

"तो दुसरा हात बाईचा?"

"छोटा आहे. पंजा लहान, दोन्ही मुठी एकमेकींच्या जवळ. बाईचा असू शकतो, कोवळ्या पोराचाही," शिकलगारबाई म्हणाल्या. "पण माणूस जिवंत असेल तर जुळवता येतो. शेडमध्ये चाचणीचं चाक आहे, ते धरून पडद्यावरच्या रस्त्यावर दोन वळणं घ्यायची. हाताची खोड सहसा बदलत नाही."

"मी एकदा यांना म्हटलं होतं, मला शिकवा," इंदुमतीबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "धाकटा पोटात होता तेव्हा. म्हणाले, तुला कशाला, मी आहे ना. मला ते गोड वाटलं होतं. वर्षानुवर्षं गोड वाटलं."

मग त्या उठल्या. "ती जी कोण असेल, तिचं तोंड मी पुन्हा बघणार नाही. आणि गाडीचं काय करायचं तेही मग ठरवीन."

त्यानंतर जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. दर रविवारी इंदुमतीबाई आपल्या वयाची एक ना एक बाई सहलीला म्हणून घेऊन येऊ लागल्या. शेजारच्या गोरेबाई आल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या हिराबाई आल्या. दिनकररावांच्या कचेरीतली टंकलेखिका काठी टेकत आली. सगळ्यांना आधी विमानं दाखवायची, मग डब्यातली धपाटी खायला घालायची आणि मग चाचणीच्या चाकापुढे बसवायचं.

"धरा हो, गंमत असते."

गोरेबाईंनी पहिल्याच वळणाला पडद्यावरची गाडी विहिरीत घातली आणि पोट धरून हसल्या. टंकलेखिकेने चाक कढई धरावी तसं धरलं. हिराबाई मात्र झकास चालवत होत्या. इंदुमतीबाई बसल्या जागी पुढे सरकल्या. शिकलगारबाईंनी मान हलवली, जुळत नाही. इंदुमतीबाईंनी हिराबाईंना आणखी एक धपाटं वाढलं. दंड भरावा तसं.

धपाटी शालनबाईंनी केलेली असायची. दर वेळी त्या यायच्या, बाहेर बाकावर बसायच्या, रिकामे डबे पुसून पिशवीत भरायच्या. सगळा गाव चाक धरून गेला, त्या आत आल्या नाहीत. मला हे दिसत होतं, तर इंदुमतीबाईंना दिसत नव्हतं असं मी मानत नाही. आणायला बायका संपेपर्यंत त्यांना ते बघायचं नव्हतं, इतकंच.

एका रविवारी त्या कोणालाच न घेता आल्या. सोबत फक्त शालनबाई.

"शालन, आत ये. धर चाक."

"संधिवात हाय अक्का माझ्या हातांना. तुमाला ठावं हाय की."

"सकाळी भाकऱ्या थापल्यास."

शालनबाई बाकावरून उठल्या. आत आल्या, पण चाचणीच्या चाकाकडे गेल्या नाहीत. पिवळ्या विमानाच्या पंखाखाली उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"मशीनला कशाला इचारताय," त्या म्हणाल्या. "मीच हाय."

शिकलगारबाईंनी उगाच पडदा बंद केला. मी बाहेर जायला निघालो, तर इंदुमतीबाई म्हणाल्या, "थांबा देशमाने. हिने सांगितलेलं ऐकायला माणूस असू दे, नाहीतर उद्या मला वाटेल मीच रचलं."

शालनबाईंनी सांगितलं ते असं. त्यांच्या नवऱ्याला फिट यायच्या. मुलींची लग्नं व्हायची होती, म्हणून घराबाहेर कळू द्यायचं नव्हतं. वस्ती कालव्याकाठी, डॉक्टर लांब. एकदा दिनकरराव दौऱ्यावर असताना फिट आली आणि शालनबाई दारातल्या गाडीकडे बघत नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. दिनकरराव परतल्यावर म्हणाले, तू गाडी शीक. शिकवणं व्हायचं ते थोरल्या जाऊबाई एकट्या एसटीने बाजाराला जायच्या त्या दिवशी, कालव्याच्या वाटेवर.

"भासऱ्यापुढं, थोरल्या दिरापुढं, पदर ढळू द्यायचा न्हाई, तोंड वर करून बोलायचं न्हाई, अशी मी," शालनबाई म्हणाल्या. "त्येंच्या शेजारी बसून गाडी हाकायची म्हणजे... दादा म्हणाले, तुमाला सांगायचं न्हाई."

"का?"

"तुमी म्हणाला असता, मग मला का न्हाई."

"म्हणालेच असते. मग मला का नाही?"

"तुमाला ते म्हणाले, मी हाय ना. मला तसं म्हणणारं कोण हुतं अक्का? जे हुतं ते जमिनीवर पडून तोंडातनं फेस काढत हुतं."

हे उत्तर बिनतोड होतं, आणि इंदुमतीबाईंना तेच आवडलं नाही. बिनतोड उत्तर माणूस आधी घोकून ठेवतो. त्या शिकलगारबाईंकडे वळल्या.

"तो डावीकडचा हात. चाक सावरणारा. तो कधी थांबला?"

शिकलगारबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी विमानाकडे पाहिलं.

"मला फिरवू नका हं."

"थांबला नाही," शिकलगारबाई म्हणाल्या. "त्या नीट शिकल्यानंतरही येत राहिला. त्यांनी गाडी चालवणं सोडलं तोवर. सावरण्याची गरज नसलेल्या जागीसुद्धा, सरळ रस्त्यावर."

"शालन?"

"शिकवणाऱ्याला खोड लागती अक्का."

"शिकणाऱ्याला?"

शालनबाई पंखावरची धूळ पदराने पुसू लागल्या. तिथे धूळ नव्हती.

"काकू," शिकलगारबाई हळूच म्हणाल्या, "हवं तर दांडा काढून तापवू. वाचनही पुसून टाकते. कोणालाच कळणार नाही."

"फक्त हिचं जाईल?"

"नाही. तापवलं की सगळंच जातं. त्यांचं पण."

इंदुमतीबाई बाहेर फेऱ्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीपाशी गेल्या, आम्ही त्यांच्या मागे. उजवं दार उघडलं, आत वाकून चाकावर तळवा ठेवला. चाकाखालच्या त्या एका दांड्यात नवऱ्याचं अर्धं आयुष्य होतं, आणि त्याच दांड्यात ही. निवडून काढायची सोय नव्हती. शालनबाईंनी आपली पिशवी उचलून खांद्याला लावली. आत थोरलीचं औषध, चष्मा, बाटली. ती बाकावर ठेवावी की सोबत न्यावी हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"मी धाकल्या लेकीकडं जाते ऱ्हायला," त्या म्हणाल्या. "आजच जाते."

"मी जा म्हटलं का?"

"तोंड बघणार न्हाई म्हणाला हुता की."

"तुला कोणी सांगितलं?" इंदुमतीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशात रुमाल शोधू लागलो. मग त्या उजव्या आसनावर बसल्या. ड्रायव्हरच्या. साडीचा घोळ पायाशी नीट गोळा केला. "देशमाने, ते मोटरचं काय असेल ते बंद करा. यांचा हात नको मला आता. शालन, तू डावीकडे बस."

"अक्का?"

"शिकव मला."

नियमाप्रमाणे त्यांच्या वयाला फेऱ्यावर गाडी हातात देता येत नाही. मी नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि किल्ली मागितली. मी मोटर बंद केली, थांबवायचं बटण घेतलं आणि मागे बसलो. जिथून त्यांनी जन्मभर नवऱ्याची मान पाहिली होती, तिथून मी आता दोघींच्या मानांकडे पाहत होतो. एकीवरचे केस पांढरे, दुसरीवरचे अजून थोडे काळे. शालनबाईंच्या डोक्यावरचा पदर गाडीत बसताना खाली आला होता, आणि त्यांनी तो वर घेतला नाही.

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा गचका देऊन निघाली. शालनबाईंचा आवाज बदलला होता. त्यात अक्का-बिक्का राहिली नव्हती.

"क्लच हळू. हळू म्हणते न्हवं. मान ताठ करू नका, गाडी मानेनं चालत न्हाई."

"हे असं बोलायचे?"

"ह्येच बोलायचे."

"माझ्याशी कधी एवढं बोलले नाहीत."

सरळ पट्टा जेमतेम पार पडला. शेडचं वळण जवळ आलं आणि गाडी पिवळ्या विमानाच्या रोखाने निघाली. मी बटणावर अंगठा ठेवला. तेवढ्यात डावीकडून शालनबाईंचा हात पुढे आला आणि चाकाला खालून धरून, अगदी अलगद, जरा ऐटीत, वळणात घेऊन गेला. मी ते वळण ओळखलं. पहिल्या फेरीला मेलेल्या माणसाच्या हाताने गाडी तशीच वळली होती.

इंदुमतीबाईंनीही ओळखलं असणार. त्यांनी ब्रेक दाबला. आम्ही तिघेही पुढे आपटलो आणि गाडी फेऱ्याच्या मधोमध बंद पडली.

त्या शालनबाईंच्या हाताकडे पाहत होत्या. तो अजून चाकावरच होता, त्यांच्या हातापासून बोटभर अंतरावर.

"इथेच धरायचे?"

"व्हय."

"आणि तुझा हात?"

शालनबाई काचेतून समोर पाहू लागल्या. लांब कुंपणाशी रांगेतली माणसं टाचा उंचावून बघत होती. इंदुमतीबाईंनी वाट पाहिली, मग किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि लागलं.

"पुढं बघा अक्का. अजून एक वळण हाय."

"बघतेय. तू हात मांडीवर ठेव."